लेक-जावई बोटीवर राहतात? नागपूरहून निघण्याआधी एवढं वाचा

लंडनात लेक-जावई बोटीवर राहतात म्हटलं की इकडे नागपुरात लोकांना एकदम केरळची हाऊसबोट आठवते, आणि पुढचा प्रश्न ठरलेलाच, रूम किती आहेत. रूम बिम काही नसते बापा. तिला नॅरोबोट म्हणतात, कालव्यात चालणारी लोखंडी बोट, बाहेरून रुंदी 6 फूट 10 इंच, लांबी साधारण 50 ते 60 फूट, आणि भिंतीची जाडी वजा केली की आत राहायला सहा फुटाच्या आसपास उरते. आपल्या रेल्वेचा डबा सुद्धा साडेदहा फूट रुंद असतो, म्हणजे विचार करा. इंग्लंडातले हे कालवे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कोळसा नि माल वाहायला खणले, बऱ्याच ठिकाणी लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद) सात फुटाचेच बांधले, म्हणून बोटीपण तेवढ्याच. आता माल बंद झाला आणि घरभाडं परवडत नाही म्हणून किंवा आवड म्हणून पोट्टे-पोट्टी त्यात संसार थाटून बसले आहेत.

आम्ही दोघं जाऊन आलो तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले फोन करून विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. व्हिसा, विमान, स्वेटर हे सगळं होऊन जाते, अमेरिकेला जाणाऱ्याचंही होते. बोटीवरचा मुक्काम सुखाचा होईल की नाही हे तीन गोष्टींवर ठरते, गुडघे, संडास आणि पाणी. या तिन्हीचा हिशोब इथे घरी बसून लावा, मगच तिकिटाला हात घाला. लेक म्हणेल आई तू ये तर, सगळं होते, तिचं ऐकायचं पण आपला हिशोब आपण लावायचा.

घरच्या हॉलमध्ये परीक्षा

हॉलमध्ये फरशीवर खडूने सहा फूट रुंद पट्टा आखा. त्यातला दोन-अडीच फूट ओटा, सोफा, कपाट यात जातो असं धरा आणि उरलेल्या जागेतून तुम्ही दोघं एकमेकांना ओलांडून जाऊन बघा. बोटीत दिवसभर हेच करायचं असते. एक जण स्वयंपाक करतो, दुसऱ्याला बाथरूमला जायचं, तर पहिल्याने ओट्याला चिकटून उभं राहायचं. ज्यांना दुसऱ्याचा धक्का लागला की चिडचिड होते त्यांनी (आमच्याकडे हे) आठ-दहा दिवस आधीपासून मनाची तयारी करावी.

पायऱ्या ही खरी गोष्ट. बोटीत शिरायला पुढून किंवा मागून तीन-चार पायऱ्या उतराव्या लागतात, जिन्यासारख्या नाही, शिडीसारख्या उभ्या. लेकीला सांगा टेप घेऊन प्रत्येक पायरीची उंची मोजून पाठव. तेवढ्या उंचीला अंगणात विटा रचा, भिंतीला धरून चढा-उतरा, सकाळी एकदा आणि रात्री पाय दुखत असतील तेव्हा एकदा. उतरताना तोंड पायऱ्यांकडे आणि पाठ बोटीकडे, म्हणजे उलटं उतरायचं आणि हाताने दांडी धरायची. काठावरून बोटीत पाय टाकताना मधे फटपण असते आणि पाय टेकला की बोट थोडी डुलते, तेव्हा घाई करायची नाही. गुडघा बदललेल्या बाईलाही हे जमते, हळू जमते इतकंच. साडी मात्र पायऱ्यांवर अडकते, पंजाबी ड्रेस नाहीतर पँट घाला, साडी तिकडच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला नेसा.

चक्कर येते का ते बघायला रामटेकजवळ खिंडसीला जाऊन बोटीत अर्धा-पाऊण तास बसून या. कालव्यात लाटा नसतात, समुद्रासारखं पोट ढवळत नाही, पण शेजारून दुसरी बोट गेली की हलते आणि कोणी एका बाजूला धपकन बसलं तरी कळते. ज्यांना उभं राहताना एरवीच तोल जातो त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नये, यात लाजायचं काही नाही.

झोपायचं कसं तेपण विचारून घ्या. डबल बेड म्हणतात तो बऱ्याचदा चार फूट रुंद असतो आणि एक बाजू भिंतीला. आतल्या माणसाला रात्री उठायचं तर बाहेरच्याला ओलांडून जावं लागते. रात्री दोनदा-तीनदा बाथरूमला जाणारा कोण आहे ते तुम्हाला माहीत आहेच, त्याला बाहेरच्या बाजूला झोपवा. काही बोटींत जेवायचं टेबल खाली करून त्यावर गाद्या टाकून पलंग होतो, म्हणजे तुम्ही उठेपर्यंत नाश्ता नाही आणि नातू झोपेपर्यंत तुमचा बिछाना नाही.

आणि परीक्षेत नापास झालात तरी जाणं रद्द करू नका. जवळपास एक खोली भाड्याने घ्या, रात्री तिथे, दिवसभर बोटीवर. माझं तर मत असं आहे की पास झालेल्यांनीसुद्धा आठवड्यातून दोन रात्री बाहेर खोली घ्यावी. त्या बोटीत दारं म्हणायला एक बाथरूमचं, बाकी एका टोकाला कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला ऐकू येते, लेक-जावयालाही दोन रात्री मोकळ्या पाहिजेत न. खर्च होतो, पण तीन आठवड्यांनी तोंडं फुगण्यापेक्षा स्वस्त.

कधी जायचं आणि बोट कुठे उभी ठेवायला सांगायची

मेच्या शेवटी निघा. इथे 45 चा पारा सुटतो आणि तिकडे बोटीवर राहायचे बरे दिवस सुरू होतात. जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो आणि पहाटे पावणेपाचला सूर्य हजर, त्यामुळे संध्याकाळच्या दिव्याची वेळ घड्याळावर ठेवा, आभाळाकडे बघून बसलात तर जेवायला दहा वाजतात. बोटीच्या खिडक्यांचे पडदे पातळ असतात, डोळ्यावर बांधायची पट्टी न्या. हिवाळ्यात चार वाजता अंधार, पायऱ्या निसरड्या, आणि दुरुस्तीसाठी काही लॉक बंद ठेवतात, आपल्या वयात नको. उन्हाळा म्हणून अगदी निर्धास्त पण राहू नका, जुलै 2022 मध्ये तिकडे पहिल्यांदाच 40 च्या वर तापमान गेलं होतं आणि बोट लोखंडी, नुसती तव्यासारखी तापते, कूलर तर कोणाकडेच नाही. अशा दिवशी दुपारी झाडाखाली काठावर खुर्च्या टाकून बसायचं, खिडकीला ओला टॉवेल लावायचा, हे आपल्यालाच त्यांना शिकवावं लागते.

बोट दोन प्रकारची असते म्हणजे परवान्याने. एकांकडे मरीनात, म्हणजे बोटी उभ्या ठेवायच्या तळावर, किंवा काठावर कायमची जागा असते. दुसऱ्यांकडे जागा नसते, त्यांना सतत पुढे जात राहावं लागते, एका ठिकाणी जास्तीत जास्त 14 दिवस. हे सगळं कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट नावाची संस्था बघते, 2012 पासून. तुमची मुलं फिरत्या प्रकारातली असतील तर तुम्ही उतराल त्या दिवशी बोट कुठे असेल हे आधीच ठरवून घ्या, कारण विमानाची तारीख काही बोटीच्या सोयीने बदलत नाही.

लंडनच्या बाजूला असतील तर माझी शिफारस अशी. ग्रँड युनियन कालवा हेज, साउथॉल या भागातून जातो आणि हिथ्रो तिथून जवळ, एलिझाबेथ लाइनची गाडी हिथ्रोहून हेज नि साउथॉलला थांबते, हेजचं स्टेशन तर कालव्याला लागूनच. पहिला मुक्काम तिथे ठेवायला सांगा. साउथॉलला आपलं सगळं मिळते, डाळी, मेथी, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, त्यामुळे नागपूरहून किराणा वाहून नेण्यात अर्थ नाही. हेजच्या बुल्स ब्रिजपासून पॅडिंग्टन आर्म म्हणून फाटा निघतो, साडेतेरा मैल, लिटल व्हेनिसपर्यंत, आणि त्यात लॉक एकही नाही. म्हातारी माणसं बोटीवर असताना याच्यासारखी सोय नाही. वाटेत अल्पर्टनला उतरून ईलिंग रोडची दुकानं होतात, आणि एका ठिकाणी तर कालवा पुलावरून जातो, खाली नॉर्थ सर्क्युलर रोडवर गाड्या धावतात आणि वरून आपण बोटीत. आमच्या ह्यांनी त्याचे इतके व्हिडिओ काढले की फोन भरला.

बोटीचा वेग म्हणाल तर कमाल मर्यादा ताशी 4 मैल, आणि काठाला उभ्या बोटींजवळून जाताना त्याहून कमी. काठाने चालणारा माणूस सहज पुढे निघून जातो. तेव्हा एका दिवसात अमुक बघू आणि तमुक बघू असे बेत बोटीच्या भरवशावर करू नका, बोट राहायला आहे, फिरायला रेल्वे-बस.

व्हिसाच्या कागदांत पत्ता

साधा व्हिजिटर व्हिसा लागतो, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येते. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि बोटांचे ठसे दिल्यावर निकालाला साधारण तीन आठवडे धरा, म्हणजे मेच्या शेवटी जायचं तर मार्चमध्ये हालचाल. ठसे द्यायला मुंबई, पुणे, हैदराबाद जे सोयीचं पडेल ते केंद्र निवडा.

अर्जात राहण्याचा पत्ता विचारतात आणि फिरत्या बोटीला पत्ता नसतो. सगळ्यात सुटसुटीत म्हणजे तुमच्या मुक्कामाच्या काळात मुलांनी मरीनात तात्पुरती जागा घ्यावी आणि तो पत्ता द्यावा. ते नाही जमलं तर पहिल्या काही रात्रींच्या खोलीचं बुकिंग दाखवा आणि लेकीने पत्रात जसं आहे तसं लिहावं, आम्ही बोटीवर राहतो, बोटीचं नाव हे, नोंदणी क्रमांक हा, परवान्याची प्रत सोबत, साधारण या भागात असू. लपवाछपवी करायची नाही, मैत्रिणीच्या घराचा पत्ता देऊन तिथे राहायचंच नाही असले धंदे नको. बाकी पेन्शनची स्लिप, बँक स्टेटमेंट, घराचा टॅक्स, शेती असेल तर सातबारा, म्हणजे इथे परत यायचं कारण आहे हे दिसलं पाहिजे. मराठीतल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर करून, भाषांतर करणाऱ्याच्या सहीसकट जोडावं लागते, सातबारा तसाच जोडून मोकळे होऊ नका.

नागपूरहून थेट लंडन विमान नाही. मुंबई किंवा दिल्लीहून जा आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, चालता येत असलं तरी. हिथ्रोवर चालून चालून जीव जातो आणि त्या मागोमाग बोटीच्या पायऱ्या.

संडासचं सरळ बोलू

यावर कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. बोटीत संडास तीन प्रकारचे असतात आणि तिकिटाआधी लेकीला विचारायचा पहिला प्रश्न हाच, तुमच्याकडे कुठला.

एक, खाली मोठी टाकी, जी मशीनने उपसून काढतात. यात आपल्याला फारसं टेन्शन नाही. दोन, कॅसेट, म्हणजे खाली सुटकेससारखी सरकती पेटी, साधारण वीस लिटरच्या आतबाहेर, भरली की चाकांवर ओढत नेऊन ठरलेल्या ठिकाणी रिकामी करायची. तीन, कोरडा संडास, कंपोस्टचा, ज्यात लघवी वेगळी आणि मैला वेगळा जमा होतो आणि मैल्याच्या भागात पाणी पडलं की सगळं बिघडते, वास सुटतो.

आता आपली सवय मगभर, कधी दोन मग पाण्याची. कॅसेटमध्ये प्रत्येक वेळी लिटरभर पाणी गेलं तर चार माणसांत ती पेटी एका दिवसात भरते. उपाय सोपा आहे. दाबली की बारीक धार येते अशी प्लास्टिकची बाटली मिळते, पाव-अर्धा लिटरची, प्रवासासाठी म्हणून विकतात, ती दोन घेऊन जा आणि निघायच्या आधी महिनाभर घरीच तिची सवय करा, पाव लिटरमध्ये व्यवस्थित होते. कोरडा संडास असेल तर पाणी अजिबात नाही, आधी कागद आणि मग बाथरूममध्येच बाजूला शॉवरच्या जागी बसून धुणं, ते जमणार नसेल तर स्पष्ट सांगा आणि जवळ खोली घ्या. कमोडची सवय नसेल तर हा प्रवासच करू नका, बोटीत उकिडवं बसायची सोय नाही.

यापेक्षा अवघड गोष्ट वेगळीच आहे. ती पेटी रिकामी कोण करतो? बऱ्याच घरी जावई. आपल्याकडे जावयाला पाट मांडून बसवायची रीत आणि इथे जावईबापू सासू-सासऱ्याची पेटी ओढत निघाले कालव्याच्या काठाने, येणाऱ्या-जाणाऱ्याला गुड मॉर्निंग करत. आमच्या ह्यांना तर अन्न गोड लागेना. त्यावर तोडगा असा निघाला की रिकामी करायला जाताना हे सोबत जायचे, पेटी जावई न्यायचे, नळाने धुवायचं काम ह्यांचं, आणि येताना दोघं कॉफी पिऊन यायचे. तुम्हीपण पहिल्याच दिवशी विषय काढा. तिकडच्या पोरांना त्यात काही वाटत नाही, वाटते ते आपल्याला, आणि न बोलता कुढत बसलं की मग बद्धकोष्ठ होते, गंमत नाही सांगत आहे, लाजेखातर माणसं संडासला जायचं टाळतात.

पाणी आणि लाइट

पाण्याची टाकी असते तीन-चारशे लिटरची, कोणाकडे थोडी मोठी, आणि ती भरायला बोट नळापर्यंत न्यावी लागते. एप्रिल-मेमध्ये नळ गेले की टँकरची वाट पाहण्यात आपला जन्म गेला आहे त्यामुळे यात आपण त्या पोरांपेक्षा हुशार. बादली आणि मग मागून घ्या. शॉवरखाली उभं राहण्यापेक्षा अर्ध्या बादलीत आंघोळ, दहा-बारा लिटरात काम होते आणि पडायची भीती कमी. भांडी धुताना नळ सुरू ठेवायचा नाही, आधी कागदाने पुसून मग टबात.

एक लक्षात ठेवा, ओट्याचं आणि आंघोळीचं पाणी सरळ कालव्यात जाते. म्हणून तळणाचं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, तर्रीचा तवंगपण आधी पुसून काढायचा, आणि साबण लेकीकडे असेल तोच वापरायचा.

लाइट बॅटरीची, छतावरच्या सोलरवर नाहीतर इंजिनवर चार्ज होते. फोन, दिवे, छोटा फ्रिज एवढं चालते. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, हेअर ड्रायर नाही. मिक्सर चालते पण विचारून, शक्यतो इंजिन सुरू असताना, आणि शेजारी बोटी असताना रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन सुरू ठेवायचं नाही असा नियम आहे, म्हणजे पहाटे उठून चटणी वाटायचा बेत रद्द. फल्लीचा कूट, सुकं खोबरं-लसणाची चटणी, भाजणी घरूनच करून न्या. झोपेत श्वासाचं मशीन लावणारे असतील तर त्याला रात्रभर लाइट लागते, त्यांनी मरीनातच राहावं, तिथे काठावरून वायर जोडता येते. कपडे धुवायला लाँड्रीत जावं लागते बहुतेक, लवकर वाळणारे कपडे न्या.

खायचं काय न्यायचं, काय नाही

दूध आणि दुधाचे पदार्थ, मांस, हे भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाही. यात तूप आलं, पेढे आले आणि आपली संत्रा बर्फीपण आली. सगळं नागपूर निघताना संत्रा बर्फीचे डबे हातात देते, ते प्रेमाने घ्यायचे आणि इथेच वाटून टाकायचे, विमानतळावर कचऱ्यात टाकताना जास्त जीव तुटतो. ताज्या फळं-भाज्यांच्या भानगडीत पडू नका. कुरडया, पापड, खारोड्या, मूगवड्या, सावजी मसाला, भिवापुरी मिरचीचं तिखट, लोणचं घट्ट बंद करून मोठ्या बॅगेत, एवढं पुरे. आणि बॅग मऊ कापडाची न्या, कडक सुटकेस बोटीत ठेवायला जागाच नसते, मऊ असली की रिकामी करून पलंगाखाली जाते.

स्वयंपाक गॅसवर होतो, कुकर चालते. पण तिथला गॅस आपल्या घरच्यासारखा वागवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, घरात दाराखालून निघून तरी जाते, बोटीत तळाला साचतो आणि जायला वाट नाही. शेगडी पेटली नाही तर लगेच बंद करायची, वास आला तर काडी नाही, लाइटचं बटण नाही, आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि लेकीला नाहीतर जावयाला हाक मारायची. सिलेंडर कुठे आहे आणि बंद कसं होते हे पहिल्या दिवशी दाखवून घ्या.

फोडणी हा वेगळाच विषय. बंद केबिनमध्ये भिवापुरी मिरचीची फोडणी दिली की पन्नास फुटांपर्यंत सगळे ठसकतात आणि वर धुराचा अलार्म बोंबलतो. सावजी रस्सा करायचाच असेल तर दोन्हीकडची दारं, सगळ्या खिडक्या उघडून, नातवाला काठावर पाठवून. किंवा मसाला घरूनच तेलात परतून न्या, तिकडे नुसता सोडायचा. आलूची भाजी, सांबार (म्हणजे कोथिंबीर) घालून केलेला झुणका, खिचडी-पापड यावर आमचे दिवस मजेत गेले. आणि जाळाच्या शेगडीत बट्टी छान होते, फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्याजवळ ठेवायची, जावयाला तर इतकी आवडली की आता स्वतः करतात.

थंडी वाजली तरी जाळी बुजवायची नाही

हे मी जाड अक्षरात लिहिते कारण आपल्या लोकांचा हात हमखास तिकडेच जातो. बोटीच्या दारांना, छताला हवा येण्यासाठी जाळ्या-झरोके ठेवलेले असतात, त्यातून गार वारा लागते म्हणून त्यात कापड किंवा पेपर कोंबायचा नाही. बोटीत लाकूड-कोळशाची शेगडी असते, जूनमध्येसुद्धा एखाद्या ओल्या रात्री पेटवतात. हवा कोंडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होऊन साचतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतल्या झोपेत माणूस जातो. एप्रिल 2019 पासून राहत्या बोटींत याचा अलार्म सक्तीचा आहे. पोचल्यावर तो कुठे आहे बघा, बटण दाबून त्याचा आवाज ऐकून ठेवा, म्हणजे रात्री वाजला तर कोणाचा फोन वाजतो म्हणून पडून राहणार नाही. सगळ्यांचंच एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर आधी बाहेर. थंडीसाठी मोजे, कानटोपी, आतून घालायचे गरम कपडे, गरम पाण्याची पिशवी.

देवापुढे दिवा लावा, पण माणूस समोर बसून असेपर्यंतच. पडदा दिव्यापासून एक हातावर आणि बोट कधी हलेल सांगता येत नाही.

पाण्याजवळ वागायचं कसं

कालवा फार खोल नसतो, बऱ्याच ठिकाणी तीन-चार फूट, पण पाणी थंडगार आणि तळाला गाळ, पडलं तर आपल्या वयात ते पुरेसं आहे. काठावर चढता-उतरताना आणि बोट चालू असताना लाइफ जॅकेट घाला, नातू घालतोच, मग आजी-आजोबांनी न घालायला काय झालं. बोटीच्या बाहेरून जी अरुंद कड असते तिच्यावरून पोरं सर्कशीतल्यासारखी पुढे-मागे जातात, आपण आतून जायचं. बोट काठाला लागताना हाताने-पायाने ढकलायला जायचं नाही, पंधरा-वीस टनांची बोट असते ती, बोटं चेपतात. मागे सुकाणूची लांब दांडी असते, ती अचानक फिरली की बाजूला उभा असलेला माणूस पाण्यात, तिच्या टप्प्यात उभं राहायचं नाही. कालव्याच्या पाण्यात उंदरांमुळे लेप्टो होऊ शकतो, हाताला जखम असेल तर पाण्यात घालू नका आणि दोर हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

लॉक आलं तर दोघांनी आधीच काठावर उतरून कट्ट्यावर बसून बघायचं, ते बघण्यासारखंच असते. पाणी भरते, बोट वर येते, दार उघडते. यजमानांना (सगळ्यांच्याच) लॉकची झडप उघडायची चावी फिरवायची भारी हौस असते, पण हात सटकला की ती चावी गरगर फिरून मनगट फोडते. दार ढकलायला लावा, तेवढ्यात त्यांचं समाधान होते.

सकाळी काठाच्या वाटेने फिरायला जा, अंबाझरीला जाता तसं, फक्त मागून सायकलवाले घंटी वाजवत येतात तेव्हा पाण्याच्या बाजूला सरकायचं नाही, झुडपाच्या बाजूला.

दिवस कसा घालवायचा

लेक-जावई कामावर, नातू शाळेत, आणि तुम्ही दोघं सहा फुटात. याचा विचार आधी करा. पॅडिंग्टन आर्म संपला की लिटल व्हेनिसहून रीजंट्स कालव्याने कॅम्डनपर्यंत परत एकही लॉक नाही, मधे एक बोगदा लागतो आणि मग प्राणिसंग्रहालयाच्या अगदी मधून बोट जाते. तिथून प्रिमरोझ हिलच्या बाजूला चालत जाण्यासारख्या अंतरावर 10 किंग हेन्रीज रोड, बाबासाहेब 1921-22 मध्ये शिकायला असताना जिथे राहत होते ते घर. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ते घेतलं. दीक्षाभूमीच्या गावातून जाऊन ते न बघता येणं म्हणजे काय म्हणावं. तिकडच्या काही जागा आधी बुक कराव्या लागतात, म्हणून मुलांना लवकर सांगा. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, 1932 पासूनचं, त्यांचे कार्यक्रम बघून ठेवा, एखाद्या दिवशी नेसलेली साडीपण वसूल होते.

गणपतीपर्यंत राहणार असाल तर मूर्ती छोटी, शाडूची, आणि विसर्जन बादलीत. कालव्यात नाही. नातवाला तेच पाणी काठावरच्या झाडाला घालू द्या.

औषधं आणि दवाखाना

आपल्या डॉक्टरची चिठ्ठी तिकडच्या मेडिकलमध्ये चालत नाही, म्हणून राहायचे तेवढे दिवस अधिक पंधरवड्याची औषधं न्या, सोबत औषधांची मूळ नावं लिहिलेली चिठ्ठी. अर्धी हातातल्या बॅगेत. इन्सुलिन पूर्णच हातातल्या बॅगेत, आणि बोटीचा फ्रिज छोटा असतो म्हणून त्याची जागा लेकीकडून आधीच राखून ठेवा.

व्हिजिटर म्हणून गेलेल्याला तिकडचा सरकारी दवाखाना फुकट नाही. इमर्जन्सीत तपासतात, पण भरती झालात की बिल, तेही त्यांच्या दराच्या दीडपट. त्यामुळे प्रवास विमा काढताना बीपी, शुगर, अँजिओप्लास्टी सगळं खरं लिहा, हप्ता वाढला तरी, आणि कालव्यातल्या बोटीवर राहणार आहोत, चालेल का, हे कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या. तोंडी हो म्हणणाऱ्या एजंटचा काही उपयोग नाही.

इमर्जन्सीला 999, साध्या सल्ल्याला 111. अँब्युलन्सवाला पत्ता विचारेल आणि तुमच्याकडे रस्ता नाही की घर नंबर नाही. कालव्यावरच्या पुलांना आणि लॉकना नंबर असतात, पाटी लावलेली असते. बोट नवीन जागी लागली की त्या दिवशी सगळ्यात आधी जवळच्या पुलाचा नंबर, कालव्याचं नाव आणि वर रस्त्यावरच्या दुकानाचं किंवा पबचं नाव कागदावर लिहून दाराच्या आतून चिकटवायचं. हे काम नातवाला द्या, तो पळत जाऊन पाटी वाचून येतो, आणि बोट हलली की जुना कागद काढायला विसरू नका.